एक सोडून एक

कागदावर आधी पाच चौकटी काढल्या, एकाखाली एक.
कुताइसीच्या प्रसूतिगृहाचं तळघर, फेब्रुवारी.
भिंतीपलीकडे धुलाईयंत्रं घरघरत होती
आणि माझ्या पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

प्रत्येक स्विचच्या पाठीला दोन पोर्ट.
पहिल्याचा दुसरा, दुसऱ्याच्या पहिल्यात,
दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याच्या पहिल्यात...
मोठ्यानं म्हणत गेले,
पाढा म्हणावा तसं, मध्ये थांबलं की चुकतं.
शेवटची केबल सगळ्यात लांब,
तळापासून थेट माथ्यापर्यंत जाणारी.
ती लागली की रांगेची कडी होते.

रांग तुटली म्हणजे तुटली.
कडी एका जागी तुटली
तर निरोप उलट्या वाटेनं जातो,
जरा दमतो, पण पोचतो.
वरच्या मजल्यावर, अजून नाव न ठेवलेल्यांच्या
काळजाचे ठोके
याच वाटेनं नर्सच्या पडद्यावर जायचे होते.
दमलेला निरोप चालेल.

खोकं उघडलं.
पाच केबल. पाचही अर्ध्या मीटरच्या.
दर दोन स्विचच्या मध्ये पॅच पॅनेल, वीतभराला चार बोटं कमी,
वळणाला मूठ मावेल इतकी ढील हवी;
वरून खालपर्यंत हात पसरून मोजलं,
केबल कमरेशीच संपत होती.
यादी मीच केली होती.
दोष द्यायला आसपास कोणी नव्हतं, हे फार लागलं.

त्बिलिसीला फोन केला.
"गुरुवारी," झाझा म्हणाला, "रिकोतीच्या घाटात बर्फ नसला तर."
आज सोमवार. बुधवारी जुनी पेटी उचलून नेणार.

त्सियाला चादरींची गाडी ढकलत आली,
माझ्या कागदाकडे पाहिलं.
"जिना काढलायस?"
जिना नाही म्हटलं, आणि का कोण जाणे, सगळं सांगितलं:
वरून निघायचं, प्रत्येकाला शिवायचं, वर परत यायचं,
आणि परतीची एवढी मोठी उडी माझ्याकडे नाही.

तिनं ओल्या हाताचं बोट चौकटींवर ठेवलं.
"आमची ग्वांत्सा रोज हेच करते,
शाळेची बस चुकेपर्यंत.
उतरताना एक सोडून एक पायरी.
चढताना राहिलेल्या.
एकीवर दोनदा पाय नाही, एकही सुटत नाही."

पहिला, तिसरा, पाचवा.
चौथा, दुसरा, पहिला.

कागदावर पाण्याचा ठसा उमटला होता, पाचव्या चौकटीवर.
एकाही जोडीत दोन पायऱ्यांहून जास्त अंतर नव्हतं.
बारा वर्षं मी हे काम करते.

पहिल्याचा दुसरा, तिसऱ्याच्या पहिल्यात.
तिसऱ्याचा दुसरा, पाचव्याच्या पहिल्यात.
पाचव्याचा दुसरा चौथ्याकडे, चौथ्याचा दुसऱ्याकडे,
दुसऱ्याचा परत माथ्यावर.
प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी,
कारण पुढच्या वर्षी इथे वाकणारी
बहुधा दुसरीच कोणी असेल, घाईत.
बाहेर जाणाऱ्या दोन वायरी पहिल्यात आणि चौथ्यात,
सगळी अंडी एका टोपलीत नकोत.

दिवे आधी पिवळे, बराच वेळ पिवळे,
मग हिरवे, एकसाथ नव्हे, ज्याचा त्याचा वेळ घेऊन.
मग मुद्दाम तिसऱ्याची केबल उपटली.
दिवा गेला. श्वास धरला.
वरून कोणाचा फोन आला नाही.

"काही झालं का?" दारातून त्सियाला.
"काही नाही."
"मग चांगलं," म्हणाली, आणि वाफेत गेली.

गुरुवारी लांब केबल आली, बर्फाळ खोक्यातून.
अजून गाडीच्या मागच्या सीटवर आहे, पट्टी न सोडलेली.
परत पाठवायला हवी. पाठवीन.

पेटीच्या दाराला आतून आराखडा चिकटवला,
तोच, पाण्याच्या डागासकट.
खाली कोपऱ्यात नाव लिहायची जागा असते.
तिथे लिहिलं: ग्वांत्सा, वय सात.
तपासलं: मी.